खुशालराव गोड बोलायला लागले

खुशालराव गावंडे यांचा आवाज नांदगाव पेठेतल्या शर्टाच्या कारखान्यात मशिनींच्याही वर ऐकू येत असे. शिलाईच्या हॉलमध्ये ओळीनं मशिनी, मशिनींवर बाया आणि बायांवर सुपरवायझर म्हणून खुशालराव, अशी ती उतरंड होती. शिवी त्यांनी आयुष्यात कोणाला दिली नाही. त्यांचा भर रागावण्यावर, आणि रागावणं ही काही शिवीसारखी सोपी गोष्ट नाही. एखादी बाही तिरपी लागली की ते ती वर उचलून सगळ्या हॉलला दाखवत आणि म्हणत, "हे बाही ज्याले येईन थो मानूस आदी शोधून आना, मंग आपन शर्टाचं पाहू." बाया खाली मान घालून हसत, बाही उसवत आणि नीट लावत. वर्षानुवर्षं हे सुखानं चाललं होतं, आणि सुखानं चाललेलं कोणाच्या तरी डोळ्यात खुपतंच.

झालं असं, की शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचे पाहुणे एकदा हॉल पाहायला आले. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आवाज कळत होता. हे गृहस्थ कोणाशी भांडताहेत, असं त्यांनी मॅनेजरसाहेबांना विचारलं. भांडत नाहीत, नमस्कार-चमत्कार चालू आहेत, असं मॅनेजरसाहेबांनी सांगून पाहिलं. पाहुण्यांना ते पटलं नाही. महिन्याभरात वरून हुकूम आला की सगळ्या सुपरवायझरांनी अकोल्याला जाऊन सुसंवादाचं प्रशिक्षण घ्यावं, त्यानंतर शिकवणाऱ्या बाई स्वतः हॉलमध्ये येऊन परीक्षा घेतील, आणि जो नापास होईल त्याची बदली अकोल्याच्या गोदामात.

"गोदामात कोनाशी बोलाव लागते?" खुशालरावांनी मॅनेजरसाहेबांना विचारलं.

"कोणाशीच नाही. कापडाच्या गठाणी आहेत. गठाणींना वाईट वाटत नाही."

अकोला काही लंकेत नाही, एसटीनं दोन-अडीच तासांचा रस्ता. पण ज्या माणसाची जन्माची कमाई म्हणजे बोलणं, त्याला गठाणींसमोर नेऊन बसवायचं, हे खुशालरावांना फार लागलं. गठाण उलटून हसत नाही. त्या हॉलवर आणि हॉलमधल्या बायांवर त्यांचा जीव होता. तो त्यांनी आजवर रागावूनच दाखवला होता, दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती.

प्रशिक्षणाला अकोलाच का निवडलं, हे एक कोडंच होतं. मे महिन्यात अकोल्यात माणूस मुळात तोंड उघडत नाही, जीभ वाळते. हॉटेलच्या थंडगार खोलीत सगळे सुपरवायझर गोल करून बसवले होते. शिकवायला पुण्याच्या आकांक्षा मॅडम होत्या, खुशालरावांच्या लेकीच्या वयाच्या आणि सदा हसतमुख. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून शाळेतले आवडते शिक्षक आठवायला सांगितले. खुशालरावांना वलगावच्या शाळेतले नत्थुजी मास्तर आठवले आणि मिटल्या डोळ्यांनी, जुन्या सवयीनं, त्यांनी छडीसाठी हात पुढे केला. मॅडमनी तो आनंदानं हातात घेऊन हलवला. छडीऐवजी असं काही मिळाल्यानं खुशालराव दचकून जागे झाले.

मग मुख्य तत्त्व आलं. चूक दाखवायची असेल तर आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक.

"म्हणजे सँडविच," मॅडम म्हणाल्या. "किंवा आपल्याकडचं सांगायचं तर खाली भाकरी, मध्ये झुणका, वर भाकरी."

वऱ्हाडातल्या माणसानं जन्मात कधी झुणक्यावर भाकर झाकलेली नाही. मागच्या एकानं विचारलंच, की मॅडम, वरची भाकर झाकायले का खायले? मॅडम म्हणाल्या, दोन्हीसाठी. कौतुक खरं असावं आणि नेमकं असावं, एवढं पथ्य त्यांनी आणखी घातलं.

शेवटी नाटक झालं. मॅडम कामगार बाई झाल्या, हातात उलटा खिसा शिवलेला शर्ट घेतला आणि खुशालरावांना चूक दाखवायला सांगितलं.

"अवं बाई, हा खिसा हाये का घोड्याचा तोबरा?"

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. "हे ऐकून तिला काय वाटेल?"

"वाटन काय? खिसा उसवा लागते, असं वाटन."

"आणि मनात?"

बाईच्या मनात काय असतं, हा प्रश्न खुशालरावांना लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की विचारून पाह्यलं नाई. मॅडमनी सल्ला दिला की सराव घरापासून सुरू करा.

घरी जमुनाबाईंनी पोळी आणि वरण वाढलं. वरण खारट होतं. एरवी खुशालराव म्हणाले असते, "मिठाची गोनी फाटली का वं?" त्यावर जमुनाबाई म्हणाल्या असत्या, "उद्यापासून तुमी करा सैपाक." एवढ्या भांडवलावर तो संसार उत्तम चालला होता. आज खुशालरावांनी पाण्याचा घोट घेतला, मान ताठ केली आणि पुण्याच्या मराठीत सुरुवात केली.

"जमुना, वरणाचा रंग फार सुंदर आला आहे. मीठ किंचित कमी असतं तर चव आणखी खुलली असती. तुझी वाढण्याची पद्धत मात्र समाधान देणारी आहे."

जमुनाबाईंनी पळी खाली ठेवली आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"वावर तं नाई इकलं?"

"नाई."

"मंग डाक्टरनं काय सांगतलं?"

"कोन्त्या डाक्टरनं?"

"मले लपवू नोका," म्हणत जमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माया बापानं बी जान्याच्या आदल्या दिवशी मायच्या भाजीची तारीफ केली होती. जन्मात कधी केली नोती."

समजूत घालायला खुशालराव जितके गोड बोलत गेले तितकं रडणं वाढत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेऊन रक्त तपासून आणण्यात आलं. डॉक्टर कागद पाहून "फार छान आहे" असं हसून म्हणाले, तेव्हा मात्र खुद्द खुशालरावांनाच धडकी भरली.

दवाखान्याची बातमी शेजारी किसनरावांपर्यंत पोचली. किसनरावांचा वलगावच्या कडेला भाजीपाल्याचा आणि झेंडूचा मळा होता. मळ्याला पाणी कमी पडे, पण सल्ला कधी कमी पडला नाही. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "खुशालभाऊ, गोड बोलनं हे वाचून येत नाई. पाहून शिकाव लागते. उद्या सकायी माया संगं मंडीत चाला. आमचा अडत्या असा बोलते का आंगाले मुंगळे लागतीन."

सकाळी मेथीच्या जुड्यांवर बसून खुशालराव अमरावतीच्या मंडीत शिकायला गेले. अडत्या खरोखर गुणी होता. त्यानं मान किंचित कलती केली, दोन्ही हात जोडले. "या काका, बसा. काकू बरी आहे ना? मेथी काय आणली तुम्ही, हात लावायले जीव होत नाही." मग त्यानं किसनरावांना आणि पाहुण्यांनाही चहा पाजला, आणि शेवटचा घोट उतरता उतरता त्या मेथीला असा भाव दिला की किसनराव कपाकडे पाहत बसले.

परत येताना ते म्हणाले, "पाह्यलं? अडत्या तोंड फुगवून बसला असला का समजाचं, आज भाव हाये. गोड बोलला का समजाचं, भाव पडला. अन् चाय पाजली का समजाचं, आता आपन मेलो."

खुशालरावांनी कलती मान आणि जोडलेले हात पक्के ध्यानात ठेवले. चहाचं तात्पर्य मात्र त्यांच्या डोक्यावरून गेलं. शिकायला गेलेल्या माणसाचं असंच होतं, जे दिसतं ते शिकतो आणि जे सांगतात ते सोडून देतो.

हॉलमध्ये वर्षाली नावाची नवी पोरगी होती. कॉलर लावण्याचं काम तिच्याकडे होतं आणि कॉलर तिच्याकडून नेमानं डावीकडे जात होती. सोमवारी खुशालराव नेहमीच्या रीतीनं तिच्या पाठीमागे गेले, खांद्यावरून डोकावले आणि मान कलती केली. खरं आणि नेमकं कौतुक हवं होतं. कॉलरीत तसं काही सापडेना. बांगड्या चांगल्या होत्या, पण परक्या पोरीच्या बांगड्यांची तारीफ करण्याइतकं प्रशिक्षण अजून झालं नव्हतं. शेवटी नजर तिच्या जेवणाच्या डब्यावर गेली.

"वर्षालीताई, तुमचा डबा फार स्वच्छ आहे. कॉलर थोडी डावीकडे गेली आहे. डब्याचं झाकणही घट्ट बसतं."

वर्षालीची मशीन थांबली. मग शेजारची थांबली. काज करणाऱ्या इंदूबाई ह्या हॉलमधल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी चष्मा वर करून खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांना वाटलं, परिणाम होतो आहे. परिणाम होतच होता.

इंदूबाईंचे मालक पूर्वी गिरणीत होते. जन्मभर खेकसणारा तिथला साहेब एका सोमवारी अचानक सगळ्यांना दादा म्हणायला लागला, शेवटच्या दिवशी त्यानं हात जोडून चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप लागलं. हे इंदूबाई विसरल्या नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबाच उघडला नाही.

"ताई म्हनून राह्यले," त्या म्हणाल्या. "खुशालभाऊ वर्षालीले ताई म्हनून राह्यले. कंपनी बंद होते, माये शब्द ध्यानात ठेवजा."

एकदा दृष्टी मिळाल्यावर पुरावे भराभर दिसायला लागले. खुशालभाऊ अकोल्याला कशाला गेले होते? मशिनी न्यायला जागा पाहायला. दवाखान्यात का गेले होते? टेन्शननं. घाबरलेल्या हातांनी शिवण आणखी बिघडली. बाह्या आखूड झाल्या, काज बटणाला सोडून भलतीकडे पडले. शिवण बिघडली तसे खुशालराव आणखी गोड झाले. एकीला त्यांनी उसवण्याचं कौशल्य चांगलं आहे असं सांगितलं. ती घरी जाऊन जेवली नाही. हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की खुशालरावांना आपल्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. रोज घरी जाताना घसा दुखायचा. ओरडून कधी दुखला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बायांचे उतरलेले चेहरे पाहून त्यांना भडभडून आलं. बिचाऱ्या माझ्यासाठीच काळजीत आहेत, असा त्यांनी समज करून घेतला. काहीतरी करावं म्हणून त्यांनी पदरचे पैसे घालून सगळ्या हॉलसाठी चहा आणि बिस्किटं मागवली, मधोमध उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, "आपण सर्वांनी आजवर जे सहकार्य दिलंत, ते मी कधीही विसरणार नाही."

कपाला कोणी हात लावला नाही. चहावर साय धरली. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या भिंतीकडे पाहत बसल्या.

परीक्षेच्या दिवशी आकांक्षा मॅडम सकाळीच आल्या आणि कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या. खुशालराव इस्त्रीचा सदरा घालून, मान कलती करूनच हॉलमध्ये शिरले आणि तशीच मान ठेवून उभे राहिले, कारण अर्धा हॉल रिकामा होता. बाकीच्या बाया पलीकडच्या कारखान्याच्या फाटकावर काम मागायला उभ्या होत्या. मॅनेजरसाहेब दारात येऊन हे पाहून गेले, परत आले, पुन्हा पाहून गेले. खुशालराव काय करावं ते न सुचून ओळीच्या मागून फेऱ्या मारत राहिले. शेवटी इंदूबाई उठल्या.

"भाऊ, आता खरं सांगून टाका. कंपनी कधी बंद होते?"

खुशालरावांना प्रश्नाचा अर्थच लागेना. पण मॅडमनी पेन उचललेलं त्यांना दिसलं, आणि पेनाच्या टोकावर अकोल्याचं गोदाम दिसलं.

"इंदूबाई, तुमचा प्रश्न फार चांगला आहे," ते म्हणाले.

ते ऐकून वर्षालीला हुंदका फुटला. तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावले. इंदूबाई मटकन खाली बसल्या. "प्रश्न चांगला हाये म्हन्ते," त्या पुटपुटल्या. "म्हंजे झालंच."

तेव्हा कुठे खुशालरावांच्या डोक्यात उजेड पडला. मेथी, अडत्या, चहा, सगळं एका दोऱ्यात आलं. समोर दोनच वाटा होत्या. मॅडमसमोर गोड बोलत राहिलं तर पास, पण या बाया रडतच घरी जाणार. त्यांनी एकदा पेनाकडे पाहिलं, एकदा वर्षालीकडे. मग ते तरातरा चालत तिच्या मशीनसमोर जाऊन उभे राहिले, कलती मान सरळ केली आणि आवाज सोडला.

"कंपनी बंद होते म्हनून कोनं सांगतलं? अवं, या कॉलरी पाहून गिऱ्हाईक पयून जाईन, तवा होईन बंद. पाय हे. हे कॉलर हाये का बकरीचे कान? एक इकडं पाहून राह्यला, एक तिकडं. अन् तू रडून काहून राह्यली? कापडावर डाग पडला तं मॅडम धुतीन का? अन् इंदूबाई, तुमी काज कराचं सोडून कंपनीची तेरवी करून राह्यल्या? पत्रावळी बी मांडून टाका ना मंग."

इंदूबाईंच्या पदराआडून खुदकन आवाज आला. वर्षाली रडता रडता हसली. कोणीतरी मशीन सुरू केली, मग दुसरीनं, आणि हॉलला त्याचा जुना आवाज आला. इंदूबाईंनी फोन काढून पलीकडच्या फाटकावर लावला.

"या वं वापस साऱ्या जनी," त्या म्हणाल्या. "भाऊ बरे झाले."

खुशालराव मात्र ऑफिसबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांना गठाणी दिसत होत्या. मॅडम बाहेर येऊन शेजारी बसल्या.

"काका, तुम्ही नापास आहात."

"मालूम हाये."

"पण मी सकाळपासून पाहते आहे. तुम्ही त्या कॉलरवाल्या मुलीच्या मागून गेलात की तिचा हात दचकतो, आणि हात दचकला की कॉलर डावीकडे जाते. शिव्या तुम्ही देत नाही, पण येता मागून. आत्ता समोर उभं राहून इतकं रागावलात, पण तिचा हात हलला नाही. बोला तुमचंच. फक्त समोरून या."

एवढी वर्षं खुशालराव मागून जात होते, कारण त्यांचे सुपरवायझर मागून येत असत. आपल्या रीतीत कुठे खोट असेल असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं, आणि ती लेकीच्या वयाच्या पोरीनं दाखवावी याची त्यांना थोडी लाजही वाटली.

बदलीचं बोलायला मॅनेजरसाहेब आले, तर त्यांच्या मागे इंदूबाई येऊन उभ्या. "भाऊले अकोल्याले धाडलं तं आमी काय समजाचं थे समजून घेऊ," एवढंच त्या बोलल्या. सकाळचा रिकामा हॉल मॅनेजरसाहेबांच्या डोळ्यांपुढून अजून हलला नव्हता. त्यांनी विषय बदलला. मॅडमनी खुशालरावांच्या निकालात पासही लिहिलं नाही आणि नापासही. "शिकणे चालू आहे" एवढाच शेरा मारला, आणि परदेशी पाहुण्यांना तो फार आवडल्याचं पुढे कळलं.

त्या संध्याकाळी खुशालरावांनी घरी विचारलं, "हे वरन हाये का समुद्र?" जमुनाबाईंनी देवासमोर दिवा लावला आणि "उद्यापासून तुमी करा," असं फार प्रेमानं सांगितलं.

तेव्हापासून खुशालराव ओळीला पूर्ण वळसा घालून मशीनच्या समोर जाऊन उभे राहतात, आणि मग रागावतात. चालणं वाढल्यामुळे गुडघे कुरकुरतात, त्याचा राग वेगळा. एक दिवस असेच ते वर्षालीसमोर आले. तिनं शर्ट पुढे केला. खुशालरावांनी कॉलर उजव्या हातात धरून पाहिली, डाव्या हातात धरून पाहिली, उजेडाकडे नेली. कॉलर सरळ होती. इतकी सरळ, की तशी त्या हॉलमध्ये बऱ्याच दिवसांत कोणी लावली नसावी.

खुशालराव पेचात पडले. आयुष्यात पहिल्यांदा खरं आणि नेमकं कौतुक अगदी ओठांवर आलं होतं, आणि ते तोंडातून काढलं तर पोरगी घाबरून पलीकडच्या फाटकावर जाऊन उभी राहणार होती. त्यांनी घसा खाकरला. शर्ट पुन्हा उलटा करून पाहिला. मशिनी एकेक करून हळू झाल्या.

"या कॉलरीत," ते शेवटी खेकसले, "मले बोलाले काईच सापडून नाई राह्यलं. असं केलं तं मी दिवसभर करू काय?"

वर्षालीनं खाली पाहिलं. शर्ट तिच्या हातात परत देताना त्यांचा हात क्षणभर कॉलरीवरच राहिला. तिचे डोळे भरून आले, पण या वेळी कंपनी कधी बंद होते, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

पलीकडून इंदूबाईंनी चष्मा वर केला.

"बस झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आता चाय नोका मागवू."